अमेरिकेत काम करण्याची परवानगी: आपला मार्ग कोणता आणि अर्ज कसा करावा

अमेरिकेत राहण्याची परवानगी आणि तेथे काम करण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पतीच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसामुळे एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर गेलेली पुण्याची आर्किटेक्ट किंवा नागपूरची दंतवैद्य तेथे वर्षानुवर्षे कायदेशीरपणे राहू शकते, विद्यापीठात शिकू शकते, घर विकत घेऊ शकते. पण वेगळी परवानगी हाती येईपर्यंत पगाराचा एक डॉलरही मिळवू शकत नाही. हा फरक निघण्यापूर्वीच समजून घेतला, तर काही निर्णय, उदाहरणार्थ कंपनीकडून एच-१बी घ्यावा की एल-१ हा कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा, वेगळ्या पद्धतीने घेता येतात. म्हणून हा लेख अमेरिकेत असलेल्यांसाठी जितका आहे, तितकाच जाण्याच्या तयारीत असलेल्यांसाठी आहे. येथे दिलेले नियम डिसेंबर २०२५ पर्यंतचे आहेत. फी, फॉर्मची आवृत्ती आणि मुदती बदलत असतात. त्यामुळे अर्ज पाठवण्याच्या दिवशी यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर त्या पुन्हा तपासाव्यात. जुन्या आवृत्तीचा फॉर्म पाठवल्यास तो नाकारला जातो.

प्रथम आपला गट ओळखा

अमेरिकेचे नियम काम करू शकणाऱ्या परदेशी नागरिकांचे तीन गट करतात. पहिल्या गटाला स्टेटसबरोबरच, म्हणजे ज्या प्रकारात राहण्याची परवानगी मिळाली तिच्याबरोबरच, काम करण्याचा हक्क मिळतो आणि तो कोणत्याही एका मालकाशी बांधलेला नसतो. ग्रीन कार्डधारक, निर्वासित म्हणून प्रवेश मिळालेले लोक आणि एल-१ धारकांचे पती किंवा पत्नी या गटात येतात. दुसऱ्या गटाला काम करता येते, पण ज्या मालकाने अर्ज केला त्याच्याकडेच. एच-१बी, एल-१ आणि ओ-१ हे त्यातले परिचित प्रकार. तिसऱ्या गटातील व्यक्तीला आय-७६५ हा फॉर्म भरून रोजगार परवानगीचे कार्ड, म्हणजे ज्याला सगळे ईएडी म्हणतात ते, मिळवावे लागते आणि ते हातात येईपर्यंत थांबावे लागते. ओपीटीवरील, म्हणजे शिक्षणाशी निगडित तात्पुरत्या नोकरीच्या परवानगीवरील विद्यार्थी, पात्र एच-४ जोडीदार आणि ग्रीन कार्डाचा आय-४८५ अर्ज प्रलंबित असलेले लोक या तिसऱ्या गटात मोडतात. या तिन्हींपैकी कोठेच नाव नसेल, जसे पर्यटक बी-२ किंवा विद्यार्थ्याचा जोडीदार एफ-२, तर काम करता येत नाही आणि त्यासाठी आधी स्टेटस बदलावा लागतो.

आपला गट पासपोर्टवरील व्हिसाच्या शिक्क्यावरून ठरवू नये. व्हिसा हा दारापर्यंत येण्याचा परवाना आहे. आत आल्यावर कोणत्या प्रकारात आणि कोणत्या तारखेपर्यंत राहता येईल हे आय-९४ या नोंदीवरून ठरते. ती सीबीपी या सीमा तपासणी खात्याच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते आणि अमेरिकेत प्रत्येक वेळी प्रवेश केल्यानंतर त्याच आठवड्यात उतरवून घ्यावी. त्यात एक गोष्ट आवर्जून पाहावी: आपला पासपोर्ट एच-१बी किंवा एच-४ च्या मंजूर मुदतीआधी संपत असेल, तर विमानतळावरचा अधिकारी बहुधा पासपोर्टच्या तारखेपर्यंतचीच मुदत देतो. दोन वर्षांची मंजुरी हातात असूनही आय-९४ सात महिन्यांत संपल्याचे कुटुंबाच्या लक्षातच येत नाही, आणि त्यावर अवलंबून असलेली काम करण्याची परवानगीही त्याच दिवशी धोक्यात येते. यासाठी पासपोर्टचे नूतनीकरण प्रवासाआधी करून घ्यावे.

विद्यार्थी: सीपीटी, ओपीटी आणि पुढची दोन वर्षे

एफ-१ विद्यार्थ्याला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत आणि सुट्टीत पूर्णवेळ काम करता येते. आवाराबाहेरचे काम पहिल्या शैक्षणिक वर्षात साधारणपणे करता येत नाही. त्यानंतर अभ्यासक्रमाचा भाग असलेली इंटर्नशिप सीपीटी या परवानगीखाली करता येते. तिची परवानगी विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांचा अधिकारी, म्हणजे डीएसओ, आय-२० या पात्रता प्रमाणपत्रावर नोंदवतो, वेगळे कार्ड लागत नाही. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा त्याहून अधिक केली, तर त्या पदवीस्तरावरचा ओपीटीचा हक्क संपतो, हे हिशोबात धरावे.

प्रवेशाच्या पहिल्या दिवसापासून पूर्णवेळ सीपीटी देऊ करणाऱ्या संस्थांपासून मी विद्यार्थ्यांना दूर राहण्यास सांगतो. एच-१बी ची लॉटरी (सोडत) हुकलेले अनेक जण अशा ठिकाणी नाव घालतात. पुढे एच-१बी किंवा ग्रीन कार्डाच्या वेळी अधिकारी तो काळ बारकाईने तपासतात आणि खरे शिक्षण झाले होते का, याचा पुरावा मागतात. मिशिगनमधील फार्मिंग्टन विद्यापीठ हे तर सरकारी यंत्रणेनेच उघडलेले बनावट विद्यापीठ होते, आणि २०१९ च्या जानेवारीत तेथील प्रकरण उघड झाले तेव्हा सापडलेल्या विद्यार्थ्यांमध्ये बहुसंख्य भारतीय होते.

पदवीनंतरच्या ओपीटीचा क्रम असा आहे. अभ्यासक्रम संपण्याच्या तारखेआधी ९० दिवसांपासून ते नंतर ६० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. आधी डीएसओकडून सेव्हिस या सरकारी विद्यार्थी-नोंद प्रणालीत शिफारस आणि नवा आय-२० घ्यावा लागतो, आणि त्या शिफारशीपासून ३० दिवसांच्या आत आय-७६५ यूएससीआयएसकडे पोहोचला पाहिजे. ही ३० दिवसांची अट मोडल्यामुळे अर्ज नाकारले जातात. म्हणून शिफारस मिळाली की त्याच आठवड्यात अर्ज करावा. कामाची सुरुवात म्हणून निवडलेली तारीख अभ्यासक्रम संपल्यापासून ६० दिवसांच्या आतली असावी लागते. कार्ड हातात येणे आणि त्यावरची तारीख उजाडणे, या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय कामावर जाऊ नये, मालकाने कितीही घाई केली तरी.

ओपीटी १२ महिन्यांची असते आणि त्यात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित यांतील पात्र पदवी असेल, तर आणखी २४ महिने मिळू शकतात आणि बेकारीची एकूण मर्यादा १५० दिवस होते. मात्र तेव्हा मालक ई-व्हेरिफाय या, कर्मचाऱ्यांची परवानगी ऑनलाइन पडताळण्याच्या, योजनेत नोंदलेला असावा लागतो, आय-९८३ हा प्रशिक्षण आराखडा त्याच्या सहीने भरावा लागतो आणि काम आठवड्याला किमान २० तासांचे व पगारी असावे लागते. वाढीचा अर्ज पहिली ओपीटी संपण्यापूर्वी दाखल केला, तर निर्णय येईपर्यंत १८० दिवस काम चालू ठेवता येते. पत्ता किंवा नोकरी बदलल्यास ते १० दिवसांत कळवावे लागते. नोकरी मिळाली, पण पोर्टलवर नोंदवायची राहिली, तर नोंदीत ते दिवस बेकारीचेच दिसतात.

एच-१बी आणि लॉटरीबाहेरची वाट

एच-१बी ची वार्षिक मर्यादा ६५,००० आहे आणि अमेरिकेतील विद्यापीठाची मास्टर्स किंवा वरची पदवी असलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा आहेत. मार्चमध्ये मालक नोंदणी करतो, लॉटरीत निवड झाल्यास अर्ज जातो आणि काम साधारणपणे १ ऑक्टोबरपासून सुरू होते. ओपीटी त्याआधी संपत असेल आणि स्टेटस बदलाचा अर्ज वेळेत दाखल झाला असेल, तर मधला काळ ‘कॅप-गॅप’ नियमाने भरून निघतो. जानेवारी २०२५ पासून हे संरक्षण पुढच्या १ एप्रिलपर्यंत वाढवले गेले आहे. दोन बदल मात्र लक्षात ठेवावे लागतात. १९ सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने देशाबाहेरील उमेदवारांच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर भरण्याची अट घातली, त्यामुळे भारतातून थेट एच-१बी वर जाण्याची वाट फार अरुंद झाली. आणि डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमाने निवडीत जास्त वेतनश्रेणीच्या नोकऱ्यांना अधिक संधी दिली.

लॉटरीशिवायही एच-१बी मिळतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विद्यापीठे, त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था, ना-नफा संशोधन संस्था आणि सरकारी संशोधन संस्था यांना वार्षिक मर्यादा लागू नाही. त्या वर्षभरात कधीही अर्ज करू शकतात. संशोधक, प्राध्यापक, विद्यापीठाच्या रुग्णालयात काम करणारे डॉक्टर यांनी हा पर्याय आधी पाहावा. एच-४ वर राहून लग्नाच्या जोडीदाराच्या ग्रीन कार्डाच्या टप्प्याची वाट पाहणाऱ्या उच्चशिक्षित व्यक्तीसाठीही हा मार्ग मला फार मोलाचा वाटतो, कारण एच-४ वर घालवलेली वर्षे तिच्या स्वतःच्या एच-१बी च्या सहा वर्षांत मोजली जात नाहीत.

एच-१बी धारकाने मालक बदलताना नव्या मालकाचा अर्ज दाखल झाला की, मंजुरीची वाट न पाहता, तेथे काम सुरू करता येते. नोकरी गेल्यास मात्र कमाल ६० दिवसांची, किंवा आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढ्याच दिवसांची, सवलत मिळते. त्या काळात राहता येते, पण काम करता येत नाही. त्याच काळात नव्या मालकाचा अर्ज किंवा दुसऱ्या स्टेटसचा अर्ज दाखल व्हायला हवा.

जोडीदाराची परवानगी

ज्यांना कंपनी बदलीवर अमेरिकेला पाठवत आहे, त्यांनी एल-१ आणि एच-१बी यांतील एक फरक घरी बसून नीट तोलावा. एल-१ धारकाच्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून स्टेटसबरोबरच काम करण्याचा हक्क आहे. जानेवारी २०२२ च्या अखेरीपासून त्यांच्या आय-९४ वर ‘एल-२एस’ अशी नोंद होते आणि ती नोंद हाच मालकाला दाखवण्याचा पुरावा ठरतो. उतरल्यानंतर दुसऱ्याच दिवशी नोकरी धरता येते. नोंद चुकून नुसतीच ‘एल-२’ झाली असेल, तर ती सीबीपीकडून दुरुस्त करून घ्यावी. एल-१ ला मालक बदलता येत नाही आणि त्याची मुदत व्यवस्थापकांसाठी सात, तर विशेष ज्ञान असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षे असते, हे खरे. तरीही दोघांचीही करिअर उभी असतील, तर घराचा एकूण विचार करता एल-१ पुष्कळदा बरा पडतो, असे माझे मत आहे.

एच-४ ची गोष्ट वेगळी आहे. २६ मे २०१५ पासून लागू झालेल्या नियमानुसार एच-४ जोडीदाराला ईएडी तेव्हाच मिळते, जेव्हा एच-१बी धारकाचा आय-१४०, म्हणजे मालकाने त्याच्या ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, मंजूर झालेला असतो, किंवा त्याला २००० सालच्या एसी-२१ कायद्याखाली सहा वर्षांपलीकडची वाढ मिळालेली असते. म्हणजे लग्न होऊन अमेरिकेत गेल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हा: कंपनीने ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू केली आहे का, आणि नसेल तर केव्हा करणार? पर्म, म्हणजे श्रम खात्याचे प्रमाणपत्र घेण्याची पहिली पायरीच लांबलचक असते; त्यामुळे हा आग्रह नोकरीच्या पहिल्या वर्षीच धरावा. हा नियम रद्द व्हावा म्हणून २०१५ पासून न्यायालयात लढा चालला होता; ऑगस्ट २०२४ मध्ये अपील न्यायालयाने नियम कायम ठेवला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस उलटल्यावर जुन्या मालकाने तो मागे घेतला, तरी एवढ्याच कारणाने तो रद्द होत नाही आणि त्याच्या आधारावरची एच-४ ची पात्रता टिकते, हेही नोकरी बदलताना माहीत असावे.

एकदा कार्ड मिळाले की कोणत्याही क्षेत्रात, कितीही मालकांकडे काम करता येते आणि स्वतःचा व्यवसायही काढता येतो. अडचण नूतनीकरणाची आहे. पूर्वी वेळेत अर्ज केला की जुने कार्ड ५४० दिवसांपर्यंत आपोआप वाढलेले धरले जात असे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या बहुतेक नूतनीकरण अर्जांसाठी ती सवलत बंद झाली. आता कार्डावरची तारीख संपली आणि नवे आले नाही, तर काम थांबवावेच लागते. ईएडीची मुदत एच-४ च्या मुदतीपलीकडे जात नसल्यामुळे एच-१बी ची वाढ, एच-४ च्या वाढीचा आय-५३९ आणि आय-७६५ हे तिन्ही अर्ज एका साखळीत अडकलेले असतात. म्हणून मुदत संपण्याच्या सहा महिने आधी खिडकी उघडताच तिन्ही एकत्र पाठवावेत, आणि त्यासाठी कंपनीच्या वकिलाला आठ महिने आधीपासून स्मरण द्यावे. ‘एच-१बी ची मंजुरी येऊ दे, मग बाकीचे पाहू’ असे म्हणण्याइतका वेळ आता उरलेला नाही.

कार्ड येईपर्यंत काय करू नये, हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण चुका चांगल्या हेतूने होतात. पैसे घेऊन घरून डबे देणे, शेजारच्या मुलांना सांभाळणे, गाण्याचे किंवा भरतनाट्यमचे वर्ग घेणे, दिवाळी फराळाच्या ऑर्डरी घेणे, ही सगळी कामेच आहेत. भारतातील कंपनीसाठी अमेरिकेतल्या घरात बसून लॅपटॉपवर काम करणे आणि पगार पुण्यातल्या बँकेत घेणे हेही धोक्याचेच आहे. पैसा कोठे जमा होतो यापेक्षा काम करताना माणूस कोठे बसला आहे, हे महत्त्वाचे ठरते. भारतातील घराचे भाडे, मुदत ठेवीचे व्याज, शेअरवरील लाभांश हे उत्पन्न मात्र चालते. महाराष्ट्र मंडळात किंवा मराठी शाळेत खरोखर विनामोबदला सेवा करण्यास अडचण नाही, पण एरवी पगार देऊन करून घेतले जाणारे काम फुकट केले म्हणून ते स्वयंसेवा ठरत नाही.

एक तरतूद प्रत्येक एच-४ स्त्रीला माहीत असलीच पाहिजे. एच वर्गातील व्हिसाधारकाकडून मारहाण किंवा क्रूर छळ सहन करणाऱ्या जोडीदाराला आय-७६५व्ही या वेगळ्या फॉर्मवर स्वतंत्रपणे काम करण्याची परवानगी मागता येते. त्यासाठी पतीच्या आय-१४० ची किंवा त्याच्या संमतीची गरज नसते. न्यू जर्सीतील ‘मानवी’ आणि न्यूयॉर्कमधील ‘सखी’ या दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्था अनेक वर्षांपासून अशा स्त्रियांच्या पाठीशी उभ्या आहेत.

ग्रीन कार्डाच्या रांगेत

प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली आपली तारीख, चालू होऊन आय-४८५ दाखल झाला की अर्जदार, जोडीदार आणि मुले यांना सी-९ वर्गातील ईएडी मागता येते. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेल्या आणि कायदेशीर प्रवेश केलेल्या व्यक्तीला तारखेची वाट पाहावी लागत नाही; ती जोडीदाराचा आय-१३० हा नात्याचा अर्ज, आय-४८५ आणि आय-७६५ एकाच वेळी पाठवू शकते. नोकरीवर आधारित अर्ज १८० दिवस प्रलंबित राहिल्यावर त्याच किंवा तत्सम कामाच्या दुसऱ्या नोकरीत जाता येते. ५ डिसेंबर २०२५ पासून या वर्गातील कार्डांची कमाल मुदत पाच वर्षांवरून १८ महिन्यांवर आणली आहे. त्यामुळे नूतनीकरणाचे वेळापत्रक आता जवळजवळ सतत डोळ्यांसमोर ठेवावे लागते. एच-१बी टिकवणे शक्य असेल, तर तो सोडून केवळ या कार्डावर विसंबू नये, असा माझा सल्ला आहे.

आय-१४० मंजूर आहे, तारीख दूर आहे आणि गंभीर आजार किंवा मालकाचा सूडबुद्धीचा वाद अशा बिकट परिस्थितीत सापडलेल्यांसाठी एक वर्षाची विशेष ईएडी आहे. तिच्यावर काम सुरू केले की एच-१बी स्टेटस सुटतो आणि पुढे अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्डाचा अर्ज करणे अवघड होते. ती शेवटचाच उपाय समजावी.

आय-७६५ भरताना

सर्वात आधी आपल्या वर्गाचा संकेत निश्चित करावा: पदवीनंतरच्या ओपीटीसाठी सी-३बी, तिच्या वाढीसाठी सी-३सी, एच-४ साठी सी-२६, आय-४८५ साठी सी-९. चुकीचा संकेत लिहिल्यास अर्ज चुकीच्या निकषांवर तपासला जातो. फी ऑनलाइन अर्जाला ४७० आणि कागदी अर्जाला ५२० डॉलर आहे. आय-४८५ बरोबरच्या सी-९ अर्जाला २६०. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीपासून कागदी अर्जासोबत साधा धनादेश चालत नाही. जी-१४५० वर कार्डाचा किंवा जी-१६५० वर अमेरिकन बँक खात्याचा तपशील द्यावा लागतो.

महाराष्ट्रातून गेलेल्यांची खरी अडचण बहुतेकदा नावात असते. आपल्या पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकाच रकान्यात येते. लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यावर माहेरचे नाव असते. आय-७६५ वर नाव पासपोर्ट आणि आय-९४ प्रमाणेच लिहावे, ‘वापरलेली इतर नावे’ या रकान्यात माहेरचे पूर्ण नाव न विसरता द्यावे आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचा पुरावा, जुना पासपोर्ट किंवा राजपत्रातील नोंद, जोडावा. लग्नपत्रिका किंवा मंगल कार्यालयाची पावती हा विवाहाचा पुरावा ठरत नाही. महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीतील विवाह निबंधकाचा दाखला निघण्यापूर्वीच काढून ठेवावा. दाखला मराठीत असेल, तर पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. भाषांतर करणाऱ्याने ते संपूर्ण व अचूक असल्याचे आणि आपण दोन्ही भाषा जाणत असल्याचे सहीनिशी प्रमाणित करावे. त्यासाठी सरकारमान्य भाषांतरकाराची अट नाही. गोव्यातील जुन्या पोर्तुगीज नोंदींनाही हाच नियम लागू आहे.

अर्ज दाखल झाल्यावर पावती येते. तिचा क्रमांक सांभाळावा, पण ती पहिल्या अर्जाच्या बाबतीत काम करण्याची परवानगी नव्हे. घर बदलल्यास १० दिवसांच्या आत यूएससीआयएसला पत्ता कळवावा. केवळ टपाल खात्याला कळवून भागत नाही, आणि भाड्याच्या घराच्या टपालपेटीवर अर्जदाराचे नाव नसेल, तर कार्ड परत जाण्याचे प्रकार घडतात. सल्ला घ्यायचा तो परवानाधारक वकिलाकडूनच घ्यावा.

कामाचा पहिला दिवस

१९८६ च्या कायद्यापासून प्रत्येक मालकाला आय-९ फॉर्मवर कर्मचाऱ्याची ओळख आणि परवानगी तपासावी लागते. पहिला भाग आपण कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा. दुसरा मालकाने कामाच्या पहिल्या दिवसापासून तीन कामकाजी दिवसांत भरायचा. मान्य यादीतील कोणती कागदपत्रे दाखवायची, हे ठरवण्याचा हक्क आपला आहे; ‘ग्रीन कार्डच दाखवा’ असा हट्ट मालकाला धरता येत नाही, आणि तसे झाल्यास न्याय खात्याच्या स्थलांतरित व कर्मचारी हक्क विभागाकडे तक्रार करता येते. ईएडीची मुदत संपण्यापूर्वी मालक पुन्हा तपासणी करतो. नवे कार्ड वेळेत येणार नाही असे दिसू लागले, तर दोन महिने आधीच मनुष्यबळ विभागाशी बोलावे आणि राजीनाम्याऐवजी बिनपगारी रजेची लेखी मागणी करावी. त्या काळात आरोग्य विमा चालू राहतो की जोडीदाराच्या विम्यात नाव घालावे लागते, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे.